काजवे कसे होते?

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

मी पुण्यात राहते, बँकेत नोकरी करते. घरात नवरा, सोळा वर्षांची मुलगी, अकरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही चौघं काजवे बघायला भंडारदऱ्याकडे गेलो होतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या आल्या नाहीत. रात्री झाडं लखलखत होती, एवढं आठवतं. बाकी आठवतं ते असं: मुलगी रील घेत होती, ऑफिसचा मेल आला म्हणून नवरा रेंज शोधत रस्त्याकडे गेला होता, मुलगा टॉर्च लावून खेळत होता आणि मी फोटो येतोय का ते बघत होते. एकही फोटो आला नाही, सगळे काळे. तरी मी ‘स्वर्ग!’ असं स्टेटस टाकलं आणि परतीच्या वाटेवर ते किती जणांनी बघितलं ते मोजत बसले.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, “कसे होते गं काजवे?” मी फोन पुढे केला. त्या म्हणाल्या, “यात काही दिसत नाही. तू सांग ना.” आणि ताई, मला सांगताच येईना. “खूप छान होते” याच्यापुढे शब्द सरकेना. त्या “बरं” म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. ते “बरं” अजून माझ्या कानात आहे.

आता नाताळच्या सुट्टीत पाच दिवस हंपीला जायचं ठरलंय, आमच्याच गाडीने. नणंद सासूबाईंजवळ येऊन राहणार आहे. मी घरात जाहीर केलं की या वेळी सगळ्यांचे फोन माझ्या पर्समध्ये राहतील. त्यावरून मोठं भांडण झालं. नवरा म्हणतो, नकाशा, बुकिंग, पैसे सगळं फोनवर असताना हे शक्य तरी आहे का? मुलगी म्हणते, माझी मैत्रिणीबरोबरची साडेचारशे दिवसांची स्ट्रीक (रोज न चुकता एकमेकींना काहीतरी पाठवायची साखळी) तुटेल. मुलगा फक्त विचारतो, गाडीत गेम मिळणार का? माझं चुकतंय का? फोन काढून घेऊ, की आजकाल सहल अशीच असते म्हणून गप्प बसू?

— एक वाचक, पुणे

उत्तर

नमस्कार.

फोन काढून घेऊ नका आणि गप्पही बसू नका. या दोन्हीच्या मधे करण्यासारखं बरंच आहे आणि निघायला अजून वेळ आहे.

तुमचं पत्र वाचल्यापासून सासूबाईंचं “तू सांग ना” माझ्या मनात घोळतंय. त्यांना स्वतःला जाता आलं नव्हतं, म्हणून तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. तुमच्याजवळ सांगायला काही नव्हतं, याची बोच तुम्हाला लागली. ती लागली हे चांगलंच झालं. तिला धरूनच हंपीची तयारी करू या. पण आधी त्या काजव्यांच्या रात्री नेमकं काय निसटलं ते बघू.

तुमचे फोटो काळे आले यात दोष ना तुमचा, ना फोनचा. ज्या फोटोंमध्ये अख्खं झाड सोनेरी ठिपक्यांनी भरलेलं दिसतं, ते एका क्लिकचे नसतात. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवायचा, शटर कितीतरी सेकंद उघडं ठेवायचं, एकाच जागेवरून असे अनेक फोटो काढायचे आणि मग ते संगणकावर एकावर एक चढवायचे, असं ते काम असतं. त्या फोटोत दिसतात तितके काजवे डोळ्यांना एका वेळी दिसतच नाहीत. आणि डोळ्यांना जे दिसतं, ते त्या फोटोत नसतं. एका फांदीवर लुकलुक सुरू होते, शेजारची फांदी तिला साथ देते, बघता बघता सगळं झाड धडधडायला लागतं, मग क्षणभर काळोख आणि पुन्हा तेच. ही लय उभं राहून बघितली तरच मिळते.

ती दिसायलाही वेळ द्यावा लागतो. उजेडातून अंधारात आल्यावर आपले डोळे अंधाराला पूर्ण सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. मधेच फोनचा पडदा उजळला की जमवलेलं बरंचसं गेलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तुम्ही चौघं तिथे तासभर असाल, तर त्या तासात एकाचेही डोळे धड सरावले नसणार. शेजाऱ्याचा पडदासुद्धा पुरतो. तेव्हा तुम्ही लक्ष दिलं नाहीत असं म्हणून स्वतःला बोल लावू नका. तुम्हाला काजवे खरोखरच अर्धे दिसले.

मुलाला एक गोष्ट आवर्जून सांगा, पण रागावून नको. काजव्याची लुकलुक ही खूण असते. नर उडता उडता चमकतो आणि झुडपावर बसलेली मादी चमकून उत्तर देते. पावसाच्या तोंडावरचे थोडेच आठवडे त्यांना यासाठी मिळतात. टॉर्च किंवा फ्लॅशच्या झोतात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही आणि जोडी जमत नाही. अकरा वर्षांच्या मुलाला “टॉर्च बंद कर” असं दहा वेळा सांगून जे होत नाही, ते हे कारण एकदा कळलं की होतं. पुढच्या वेळी तोच दुसऱ्यांना टॉर्च बंद करायला लावेल.

माझ्या बाबतीतही असं घडलंय. काही वर्षांपूर्वी अजिंठ्याला गेले होते. पहिल्या लेण्यात भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर गर्दी होती. मी फ्लॅश न लावता पटापट चार फोटो काढले आणि बाहेर आले. घरी आल्यावर बहिणीने विचारलं, “कमळ कुठल्या हातात आहे गं?” मला आठवेना. ज्याच्यासाठी इतक्या लांब गेले, त्याच्या हाताकडे मी बघितलंच नव्हतं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा गेले, मुद्दाम सकाळी लवकर, आणि फोन पर्सच्या तळाशी ठेवला. आत शिरल्यावर आधी भिंत नुसती काळपट वाटली. थोडा वेळ तशीच उभी राहिले. मग खांद्याची गोलाई वर आली, मुकुट आला, खाली झुकलेल्या पापण्या आल्या आणि उजव्या हातातलं ते निळं कमळ, दोन बोटांत अलगद धरलेलं, शेवटी दिसलं. ते फोटोत आधीपासून होतं. पण माझ्या आठवणीत ते त्या दिवशी आलं.

यावर अभ्यासही झालेत. अमेरिकेतल्या लिंडा हेंकेल या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना संग्रहालयात फिरवलं, काही वस्तू नुसत्या बघायला सांगितल्या आणि काहींचे फोटो काढायला लावले. दुसऱ्या दिवशी विचारलं, तर फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. पण ज्यांनी वस्तूचा एखादाच बारकावा झूम करून टिपला, त्यांची आठवण कमी झाली नाही. हे दुसरं निरीक्षण मला जास्त मोलाचं वाटतं. बारकावा टिपायचा तर आधी तो शोधावा लागतो. आणखी एक अभ्यास २०१८ साली अलिक्झांड्रा बराश आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यात असं आढळलं की जी माणसं स्वतःच्या आठवणीसाठी फोटो काढतात, त्यांच्यापेक्षा सोशल मीडियावर टाकण्यासाठी काढणाऱ्यांना त्या प्रसंगाचा आनंद कमी मिळतो. लोक काय म्हणतील, हा विचार तिथे उभ्या उभ्याच सुरू होतो म्हणून. तुम्ही परतीच्या वाटेवर स्टेटस बघणाऱ्यांची मोजणी करत होतात ना, त्याचीच ही गोष्ट आहे.

आता हंपी.

सगळ्यात आधी एक काम करा. रोज रात्री जेवणाआधी सासूबाईंना फोन लावा. साधा फोन. व्हिडिओ कॉल नको. व्हिडिओवर आपण दाखवतो आणि मोकळे होतो, “हे बघा आई, मंदिर” म्हटलं की संपलं. साध्या फोनवर सांगावं लागतं. दगडाचा रंग कसा होता, आत गारवा होता का, किती पायऱ्या चढलो, कोण दमलं, काय खाल्लं. आणि रात्री सांगायचंय हे माहीत असलं की दिवसभर नजर आपोआप शोधायला लागते. चौघांनी आळीपाळीने बोलायचं. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, तीही फोटो न काढलेली. दुसऱ्याने सांगितलेली पुन्हा सांगायची नाही. एवढा एकच नियम घरात करा. बाकीचे नियम केले नाहीत तरी चालतील असं मला मनापासून वाटतं.

सासूबाईंनाही यात धरा. निघायच्या आधी त्यांच्यापाशी बसा आणि सांगा, आम्ही किष्किंधेला चाललोय. हंपी आणि तुंगभद्रेपलीकडचं आनेगुंदी हा परिसर म्हणजेच वाली-सुग्रीवाची किष्किंधा, अशी तिथली श्रद्धा आहे. मारुतीचा जन्म झाला तो अंजनाद्री डोंगरही तिथेच दाखवतात, वर जायला पावणेसहाशेच्या आसपास पायऱ्या आहेत. हंपीतल्या हजारराम मंदिराच्या भिंतींवर अख्खं रामायण तीन ओळींत, चित्रकथेसारखं कोरलेलं आहे आणि ते प्रदक्षिणा घालत घालत वाचावं लागतं. आता तुमच्या घरात रामायण सगळ्यात जास्त कोणाला येतं? मला खात्री आहे, सासूबाईंनाच. त्यांना चार प्रसंग निवडायला सांगा. एका बाणात सात ताड छेदणारा राम कुठे आहे? तो तिथे नक्की आहे. दशरथासाठी यज्ञ करणारा ऋष्यशृंग ऋषी सापडतो का? मुलांनी ते भिंतीवर शोधायचे आणि रात्री आजीला सांगायचे. आजी पुण्यात खुर्चीत बसून वाट दाखवतील आणि नातवंडं हंपीत भिंतीला नाक लावून शोधतील. बारा मिनिटांत मंदिर उरकून बाहेर पडणाऱ्या मुलांना मी अशा शोधात तास-दीड तास रमलेलं बघितलंय.

विरूपाक्ष मंदिरात मुलाला न्याल तेव्हा एक पांढरा कागद बरोबर ठेवा. त्या मंदिराचं पूर्वेचं मोठं गोपुर सुमारे पन्नास मीटर उंच आहे. गाभाऱ्याच्या मागच्या बाजूला एक अंधारी जागा आहे, तिथल्या भिंतीतल्या लहानशा झरोक्यातून उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर त्या गोपुराची प्रतिमा उमटते. उलटी, कळस खाली आणि पाया वर. शाळेच्या पुस्तकात सूचिछिद्र प्रतिमाग्राहक असतो ना, पुठ्ठ्याच्या खोक्याला भोक पाडून केलेला? तोच, फक्त दगडाचा आणि शेकडो वर्षं चालू असलेला. मुलाला कागद हातात घेऊन झरोका आणि भिंत यांच्यामध्ये पुढे-मागे सरकू दे. झरोक्याजवळ आलं की गोपुर लहान आणि ठसठशीत होतं, लांब गेलं की मोठं आणि फिकट. कागदावर ते उलटं गोपुर हातात धरल्यासारखं दिसतं. लोक तिथे येतात, भिंतीचा एक फोटो काढतात आणि निघतात. तुमच्या मुलाने पाच मिनिटं कागद हलवला, तर कॅमेरा म्हणजे काय हे त्याला जन्मभर कळलेलं राहील.

विठ्ठल मंदिराच्या आवारातला दगडी रथ पन्नासच्या नव्या नोटेवर मागच्या बाजूला छापलाय. तिथे प्रत्येक जण नोट रथासमोर धरून फोटो काढतो. तुम्हीही काढा, मुलांना गंमत वाटते. पण मग फोन खाली ठेवून रथापुढचे हत्ती बघा. त्यांच्या मागे जरा वाकून पाहिलं, तर घोड्यांचे मागचे पाय आणि शेपट्या दिसतात. मुळात रथाला घोडे होते, हत्ती नंतर आणून उभे केलेत. ही गोष्ट नोटेवर सापडत नाही. तुमच्या मुलाने ती स्वतः शोधली तर रात्री फोनवर सगळ्यात आधी तोच बोलेल.

याच रथाची आणखी एक हकिकत तुमच्या मुलीला सांगा. कारण मला फोटोंची निंदा करायची नाही आणि तिलाही तसं वाटायला नको. १८५६ साली मद्रासच्या लष्करातल्या अलेक्झांडर ग्रीनलॉ नावाच्या अधिकाऱ्याने हंपीचे साठेक फोटो काढले. तेव्हा मेण लावलेल्या मोठ्या कागदाची निगेटिव्ह असे आणि एकेका फोटोला बराच वेळ लागे. त्यातल्या फोटोत या रथावर विटांचं शिखर दिसतं. आज ते नाही. अशा जुन्या फोटोंमुळे ते शिखर कसं होतं हे आपल्याला आज बघता येतं. म्हणजे फोटो ही मोठी गोष्ट आहे. पण त्या माणसाने एकेका फोटोआधी किती वेळ उभं राहून ती जागा बघितली असेल, याचा विचार तिला करू द्या.

म्हणून या सहलीचा फोटोग्राफर तिलाच करा. पाच दिवस फोटो काढायचं काम तिचं, बाकी तिघांनी काढायचे नाहीत. दिवसाला छत्तीस. आपल्या लहानपणी कॅमेऱ्यात छत्तीस फोटोंचा रोल असायचा आणि तो आख्ख्या सहलीला पुरवायचा असायचा, हे तिला सांगा. रोज संध्याकाळी छत्तीसमधले सहा निवडायचे. घरी परतल्यावर तीस फोटोंचे प्रिंट काढून एक छोटा अल्बम करायचा, आजीच्या हातात द्यायला. सोळा वर्षांच्या मुलीला “फोन ठेव” म्हटलं की ती तो आणखी घट्ट धरते. तिला जबाबदारी दिलीत तर फोन हातात राहूनही ती समोर बघेल. हंपीत बघण्यासारखं पुष्कळ आहे आणि तिची नजर तुमच्यापेक्षा चांगली असण्याची शक्यता दाट आहे.

स्ट्रीकची चेष्टा करू नका. आपल्याला ती पोरकट वाटते, पण साडेचारशे दिवस एका मैत्रिणीची रोज आठवण ठेवणं ही साधी गोष्ट नाही. सकाळी नाश्त्याच्या वेळी तिला दहा मिनिटं द्या. तेवढ्यात स्ट्रीक सांभाळून होते. रील आणि पोस्ट मात्र घरी आल्यावर टाकू दे. यात आनंदाचा प्रश्न आहेच, शिवाय सुरक्षिततेचाही आहे. “आम्ही पाच दिवस बाहेर” हे जगाला सांगायची गरज नाही. घरात सासूबाई आणि नणंद दोघीच असताना तर नाहीच नाही. हे कारण मुलीला पटेल. तुम्हीही स्टेटस परतल्यावरच टाका.

यजमानांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि ते तुम्ही मान्य करा, भांडण तिथेच निम्मं मिटेल. पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, गदग, कोप्पळ करत होस्पेटला पोहोचायचं म्हणजे साडेपाचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, तिथे नकाशा हवाच. तेव्हा त्यांना म्हणा, फोनची कामं ठरवू आणि ती नीट करू. घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा आधीच उतरवून घ्या, म्हणजे रेंज नसली तरी चालतो. बुकिंगच्या पावत्या कागदावर छापून घ्या. रोख पैसे बाळगा, विशेषतः दहा-वीस-पन्नासच्या नोटा. शहाळंवाला, हरगोल म्हणजे टोपलीसारखी गोल होडी वल्हवणारा, फुलं विकणारी बाई, यांच्यासमोर रेंज येईपर्यंत ताटकळत उभं राहणं दोघांनाही नको असतं. आणि नेमकं पैसे द्यायला म्हणून काढलेला फोन आत जायचा राहतो, चार मेसेज दिसतात आणि दहा मिनिटं जातात. माझा अनुभव असा की सहलीत फोनची चटक परत लागते ती बहुतेक याच वाटेने. हॉटेलचा नंबर आणि तुमचे दोघांचे नंबर कागदावर लिहून सासूबाईंच्या उशाशी ठेवा. अडचणीच्या वेळी ११२ लावायचा, हे मुलांना पाठ करून द्या.

ऑफिसचं म्हणाल तर तिथे तुम्ही बोलून उपयोग नाही, त्यांनाच बोलावं लागेल. निघायच्या आधी एका सहकाऱ्याला सांगून ठेवायचं, अगदीच अडलं तर फोन कर, मेल मी बघणार नाही. मेलवर रजेचा संदेश लावायचा. आणि रोज संध्याकाळी खोलीवर परतल्यावर अर्धा तास त्यांचा. त्या अर्ध्या तासात तुम्ही कुरकुर करायची नाही. एवढी हमी मिळाली की माणूस दिवसभर खिशाला हात लावायचा थांबतो, हे मी माझ्या घरात पाहिलंय. काजव्यांच्या रात्री ते रेंज शोधत गेले, ते काजव्यांचा कंटाळा आला म्हणून नव्हे. काम अडलं तर आपल्याला बोल लागेल या भीतीने गेले असणार. ती भीती आधी कमी करायला हवी.

गाडीतल्या गेमचं थोडक्यात सांगते. एवढ्या लांबच्या प्रवासात अकरा वर्षांच्या मुलाला एक तास गेम खेळू द्या, काही बिघडत नाही. निपाणीपुढे मात्र पाट्यांवरची लिपी बदलते. तिथून त्याला कन्नड अक्षरं ओळखायला लावा. बेळगाव ते हुबळी एवढ्यात मुलं पाच-सहा अक्षरं पकडतात.

राहिलात तुम्ही. पत्रात तुम्ही नवऱ्याच्या, मुलीच्या, मुलाच्या फोनबद्दल लिहिलंत आणि पर्स तुमची. त्या पर्समध्ये तुमचा फोन पहिला जाऊ दे. कोणाला न सांगता, न सुनावता. पहिल्याच दिवशी संध्याकाळी सगळ्यांना घेऊन हेमकूट टेकडीवर जा. विरूपाक्ष मंदिराच्या शेजारीच आहे, चढ फारसा नाही. वर मोठमोठे सपाट खडक आहेत, दिवसभर तापलेले. सूर्य कलला की त्यांची ऊब पायाला जाणवते. तिथे बसा. खाली मंदिराचं गोपुर, पलीकडे नदी, भोवती एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड दगड, आणि सूर्य खाली उतरत जातो तसा त्या दगडांचा रंग बदलत जातो. तुमच्या आजूबाजूला शंभर हात फोन धरून उभे असतील. तुम्ही नुसत्या बसा. मुलगी फोटो काढेल. मुलगा आधी चुळबुळ करेल, मग तुमच्याजवळ येऊन बसेल. लगेच नाही येणार. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या आणि त्या वेळात “बघ किती सुंदर आहे” असं एकदाही म्हणू नका. तो काय बघतोय ते त्यालाच सांगू दे.

सुरुवातीला तुमच्या हाताला चुकल्यासारखं होईल. बोटं पर्सकडे जातील. एखाद्या दिवशी नियम मोडेल, यजमान जेवताना मेल बघतील, मुलगी अठ्ठेचाळीस फोटो काढेल. त्यावरून भांडू नका. पाच दिवसांतल्या तीन रात्री आजीला फोन झाला आणि तीन रात्री प्रत्येकाने काहीतरी सांगितलं, तरी ही सहल गेल्या वेळेपेक्षा वेगळी झालेली असेल. परतल्यावर मला लिहा. सात ताड सापडले का आणि सासूबाईंनी आणखी काय शोधायला लावलं, हे वाचायला मला फार आवडेल.

आणि पुढच्या जूनमध्ये काजव्यांना पुन्हा जा. पाऊस सुरू व्हायच्या आधीचे दिवस आणि अमावस्येच्या जवळची रात्र निवडा. टॉर्चला लाल कागद लावा आणि तोही पायाखालचं बघण्यापुरता. त्या भागात, अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीसारख्या गावांत, गावकरी घरी उतरायला जागा देतात आणि काजवे बघायला न्यायला बरोबर येतात. त्यांना आधी फोन करून सांगा की आमच्याबरोबर सासूबाई आहेत, त्यांना फार चालवत नाही. गाडी जिथवर जाते तिथून जवळचं झाड ते दाखवतील. घरून एक घडीची खुर्ची न्या, एक शाल न्या, आणि अंधार पडायच्या आत त्यांना तिथे नेऊन बसवा.